एका श्वासाची एक ओळ

बासरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर आडवी बासरी येते. जपानची शाकुहाची उभी धरतात. समोर चार छिद्रे, मागे अंगठ्यासाठी एक. लांबी तिथल्या जुन्या मापात एक शाकु आठ सुन, म्हणजे साधारण ५४.५ सेंटिमीटर. नाव त्यावरूनच पडले. हाची म्हणजे आठ.

फुके या झेन पंथाचे साधक डोक्यावर चेहरा झाकणारी टोपली घालून भिक्षेला फिरत आणि ही बासरी वाजवत. त्या वाजवण्यालाच ते ध्यान मानत, सुइझेन म्हणत. (झेन हा शब्द आपल्या ‘ध्यान’चाच, चीनमधून फिरून तिकडे गेलेला.) १८७१ मध्ये जपान सरकारने तो पंथ बंद केला. वादन मात्र टिकले.

आम्ही रुग्णसेवेत वर्षे काढलेली माणसे, म्हणून आमचे लक्ष गेले ते तिच्या स्वरलिपीतल्या श्वासाकडे. कागद वरून खाली, उजवीकडून डावीकडे वाचायचा. अक्षर सांगते ती बोटांची जागा. ‘रो’ म्हणजे सगळी छिद्रे बंद. ‘त्सु’ म्हणजे सर्वांत खालचे उघडे. ‘रे’ म्हणजे खालची दोन उघडी. हनुवटी खाली केली की तोच सूर उतरतो, त्याचीही खूण असते. ‘होन शिराबे’ ही छोटी रचना अनेक गुरू सुरुवातीलाच देतात. तिला ठरलेला ताल नाही. एक ओळ एका श्वासाची. श्वास संपत आला की सूर विरू द्यायचा, थांबायचे, सावकाश श्वास घ्यायचा, मग पुढची ओळ. ज्याचा श्वास आखूड, त्याची ओळ आखूड. घाई करायला कुणी सांगत नाही.

पण त्याआधी आवाज निघायला हवा! रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकतो तसे वरच्या तासलेल्या कडेवर फुंकायचे. नवशिके जीव तोडून फुंकतात. मग शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. असे झाले तर बासरी खाली ठेवा, बसा, नेहमीसारखा श्वास घ्या. सुरुवातीला पाच-दहा मिनिटे पुरे, तीही फक्त ‘रो’ची.

आणि हे नीट ऐका. बासरीने दमा बरा होतो असे सांगून कुणी पंप बंद करायला लावला, तर त्याचे ऐकू नका. पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायचा नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तिथे पैसे लागत नाहीत. काचबिंदू, हर्निया किंवा नुकतेच ऑपरेशन झालेल्यांनी फुंकायचे कोणतेही वाद्य डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. एकाची बासरी दुसऱ्याने तोंडाला लावू नये, घरातल्या पोरांनीसुद्धा.

चांगली बांबूची शाकुहाची महाग असते. पुष्कळ नवशिके पीव्हीसी पाइपच्या शाकुहाचीवर शिकतात, आणि ‘रो’ तिच्यावरही निघतो.