क्वांटमच्या आधी किल्ल्या बदलताना

2022च्या जुलैअखेरीस वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू या बेल्जियममधल्या दोन संशोधकांनी ‘साइक’ नावाची कूटपद्धती फोडली. हाताशी साधा संगणक, त्याचाही एकच कोअर आणि वेळ लागला तासाभराचा. आता गंमत बघा, साइक बांधली होती ती उद्याच्या क्वांटम संगणकालाही दाद देऊ नये म्हणून. अमेरिकेची मानक संस्था ‘निस्ट’ अशा पद्धतींची जाहीर निवड करत होती, तिच्या चौथ्या फेरीपर्यंत ती पोचली होती. तिला आडवं केलं ते अर्न्स्ट कानी यांच्या 1997च्या एका प्रमेयाने. शुद्ध गणितातलं हे प्रमेय पंचवीस वर्षं सगळ्यांसमोर होतं, पण ते इथे लागू पडेल हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मुळात नव्या पद्धती हव्यात कशाला? बँकेचा व्यवहार, ई-मेल, डिजिटल सही यांचा भार आज मोजक्या गणितांवर आहे. त्यातलं आरएसए सगळ्यांत ओळखीचं. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार चुटकीसरशी होतो, पण त्या गुणाकाराचे अवयव पाडायला बसलं तर महासंगणकही हात टेकतात. नेहमीची किल्ली 2048 बिटांची, म्हणजे 617 अंकी संख्या. पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे अवयव भराभर पाडेल, हे पीटर शोर यांनी 1994 मध्येच दाखवून दिलं. इलिप्टिक कर्व्हचं गणितही त्याच तडाख्यात सापडतं. एकाच गुप्त किल्लीने मजकूर बंद करणाऱ्या आणि उघडणाऱ्या एईएस-256सारख्या पद्धतींना मात्र फारसा धक्का नाही.

‘पुरेसा मोठा’ म्हणजे किती, हा आकडा घसरतो आहे. क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी 2019 मध्ये 2 कोटी क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे मूलभूत घटक, लागतील असं मांडलं होतं. गूगलमधल्या गिडनी यांनीच 2025 मध्ये तो अंदाज 10 लाखांच्या खाली आणला. आजच्या यंत्रांत क्युबिट शेकड्यांनी, फार तर काही हजार. तेव्हा उद्या सकाळी खाती रिकामी होतील, ही भीती बाजूला ठेवलेली बरी.

खरी अडचण वेगळी आहे. आज जाणारा बंदिस्त मजकूर उचलून साठवायचा आणि यंत्र हाती आलं की उघडायचा, याला आडकाठी नाही. ओटीपीला दहा मिनिटांनी किंमत उरत नाही. राजनैतिक पत्रव्यवहार किंवा एखाद्याचा जनुकीय अहवाल मात्र तीस वर्षांनीही नाजूकच असतो. कॅनडातले मिशेल मोस्का साधी बेरीज सांगतात: गुपित जितकी वर्षं टिकायला हवं ती, अधिक यंत्रणा बदलायला लागणारी वर्षं. ही बेरीज क्वांटम यंत्र येण्याच्या मुदतीपुढे गेली, तर उशीर आधीच झालेला आहे. मला यातली दुसरी संख्या जास्त छळते.

का, ते क्रोम ब्राउझरने दाखवलं. निस्टने 2016 मध्ये सुरू केलेल्या निवडीतून 2024च्या ऑगस्टमध्ये पहिली तीन मानकं आली. पण साइकची गत पाहिल्यावर एकट्या नव्या गणितावर विसंबायला कोण धजावणार? म्हणून जुनी आणि नवी किल्ली जोडीने वापरायची रीत रुळली. दोन्ही फुटल्या तरच मजकूर उघडा. सिग्नल या संदेश अ‍ॅपने ती 2023 मध्ये घेतली. क्रोमने एप्रिल 2024 मध्ये डेस्कटॉपवर सरसकट सुरू केली आणि काही संकेतस्थळं उघडेनाशी झाली. इलिप्टिक कर्व्हची जुनी किल्ली 32 बाइटांची, नवी 1184. त्यामुळे ब्राउझरचा पहिला निरोप एका पॅकेटमध्ये मावेना, आणि काही सर्व्हर तो एकाच पॅकेटमध्ये येणार असं गृहीत धरून बसलेले. गणित बिनचूक होतं. अडलं ते कुणीतरी कधीकाळी लिहून विसरलेल्या प्रोग्रामपाशी.

सहीचं प्रकरण आणखी निराळं. महाराष्ट्रात आता डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. अशा सहीतून आज काही चोरून ठेवण्यासारखं नाही. पण यंत्र आल्यावर कुणी खासगी किल्ली काढली, तर मागची तारीख टाकून बनावट सही करता येईल, आणि जमिनीचे दावे तर पिढ्यान्‌पिढ्या चालतात. नवे दस्त नव्या पद्धतीने करून भागणार नाही. जुन्यांवरही वेळेत नवी, भक्कम मोहोर उठवावी लागेल. निस्टच्या मसुद्यात आरएसएला 2035 नंतर जागा नाही. त्याआधीचं काम कंटाळवाणं आहे: कुठल्या खात्यात, कुठल्या यंत्रात कोणती किल्ली चालते याची यादी करणं.