रंग नवा, स्पिंडल जुना!

पुणे, ता. : भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात पंधरा-वीस कामगारांच्या बळावर चालणारे असंख्य छोटे कारखाने आहेत. मोठ्या कंपनीकडून सुट्या भागांची नवी ऑर्डर मिळण्याची चिन्हे दिसू लागली, की या कारखानदारांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो यंत्राचा. नवे सीएनसी मिलिंग यंत्र घ्यायचे तर मोठे कर्ज आले, ताबा मिळेपर्यंत थांबणे आले, आणि ऑर्डर तर पुढच्या महिन्यापासून हवी असते. मग पावले वळतात ती वापरलेल्या यंत्रांच्या बाजाराकडे. तेथे नव्याच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत, नुकताच रंग दिलेले, दिव्यांनी उजळलेले जपानी किंवा तैवानी यंत्र समोर उभे असते. अनेकदा घर तारण ठेवून उभारलेला पैसा त्यात गुंतायचा असतो. त्यामुळे आपण नेमके काय विकत घेत आहोत, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

मिलिंग म्हणजे फिरत्या कटरने धातू कापून त्याला आकार देणे. हे काम संगणकीय आज्ञावलीनुसार करणाऱ्या उभ्या रचनेच्या यंत्राला आपल्याकडे सरसकट ‘व्हीएमसी’ म्हणतात. पाच-सहा टन वजनाच्या या लोखंडी धुडाची खरी किंमत त्याच्या वजनात नसते. ती असते अचूकतेत. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर या यंत्राकडून त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतक्या अचूकतेची अपेक्षा केली जाते. ही अचूकता वापराबरोबर झिजते आणि ती झीज रंगाखाली दिसत नाही. सुदैवाने ती मोजता मात्र येते, तीही पैसे देण्यापूर्वी.

यंत्राचे हृदय म्हणजे स्पिंडल, म्हणजेच कटर धरून फिरणारा मुख्य दंड. त्याच्या निमुळत्या तोंडात सुमारे ३०० मिलिमीटर लांबीचा तपासणीचा दांडा बसवायचा, त्याला डायल लावायचा आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवायचा. तोंडाजवळ आणि दांड्याच्या टोकाजवळ काटा किती हलतो ते पाहायचे. सुस्थितीतील यंत्रात ही हालचाल तोंडाशी मिलिमीटरच्या काही हजारांशांपुरतीच असते. काटा याहून बराच अधिक नाचू लागला, की समजावे, बेअरिंग तरी गेले आहे किंवा टूल कुठे तरी आदळून दंडाला मार बसला आहे. त्यानंतर स्पिंडल किमान अर्धा तास वरच्या वेगाने चालवून आवाज ऐकावा आणि वरचे आवरण किती तापते ते पाहावे. विक्रेता ‘आत्ताच चालू करून दाखवतो’ म्हणत दोनच मिनिटांत यंत्र बंद करत असेल, तर घाई कोणाला आहे हे ओळखावे.

दुसरी जागा बॉल स्क्रूची. टेबल पुढे-मागे सरकवणारा हा स्क्रू झिजला, की दिशा बदलताना टेबल क्षणभर जागीच राहते. यालाच कारखान्यात ‘बॅकलॅश’ म्हणतात. डायल टेबलाला टेकवून हँडव्हीलने शतांश मिलिमीटरचे टप्पे एका दिशेने घ्यावेत आणि मग उलट दिशेने फिरावे. काटा हलायला किती टप्पे लागतात, तेवढी ढिलाई. येथे एक मेख आहे. ही ढिलाई कंट्रोलरमध्ये आकडा भरून झाकता येते. आपल्याकडे सर्वाधिक आढळणाऱ्या फानुक कंट्रोलरमध्ये १८५१ क्रमांकाच्या पॅरामीटरमध्ये ही भरपाई नोंदलेली असते. डायलवर यंत्र निर्दोष दिसते, पण त्या रकान्यात भलामोठा आकडा आहे, असे आढळले तर स्क्रूने आपले आयुष्य जगून घेतले आहे, असे खुशाल समजावे. भरपाई करणे गैर नाही. नव्या यंत्रातही ती थोडी असतेच. प्रश्न आकड्याच्या आकाराचा आहे.

ज्याला अधिक खात्री हवी, त्याने बॉलबार चाचणीचा आग्रह धरावा. टेबल आणि स्पिंडल यांच्यामध्ये एक संवेदनशील दांडी बसवून यंत्राला दोन्ही दिशांनी वर्तुळ काढायला लावतात. संगणकावर उमटणारी आकृती गोल असेल तर उत्तम. ती लंबगोल असेल तर बहुधा दोन अक्ष एकमेकांशी काटकोनात राहिलेले नाहीत. चारही दिशांना पायरीसारखे खाचे असतील तर स्क्रूमध्ये ढिलाई आहे. ही सेवा शुल्क घेऊन देणारे लोक मोठ्या औद्योगिक शहरांत मिळतात. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ असतो, तरीही बहुतेक खरेदीदार तो टाळतात, हे खेदाने नमूद करावे लागते. निदान आपल्याच जॉबचा एक तुकडा आपल्यासमोर कापून घ्यावा आणि आपल्याच मोजणी खोलीत तपासावा.

यंत्र किती वर्षांचे आहे यापेक्षा ते काय कापत होते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. दोन पाळ्यांत अॅल्युमिनियमचे हलके भाग कापलेले दहा वर्षांचे यंत्र, चार वर्षे बीड कापलेल्या यंत्रापेक्षा तरुण असू शकते. बिडाची बारीक भुकटी कूलंटमध्ये मिसळून सरकत्या मार्गांवर पॉलिश पेपरासारखे काम करते. डाय-मोल्डच्या कारखान्यात ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड कापलेले यंत्र तर अधिकच जपून घ्यावे. ती काळी धूळ बेअरिंगपासून विजेच्या कपाटापर्यंत सर्वत्र शिरते. पत्र्याची आवरणे उघडायला लावली, तर हा इतिहास कोणत्याही कागदाविना वाचता येतो. पडद्यावर दिसणाऱ्या चालू तासांवर मात्र फार विसंबू नये. ते आकडे बदलता येतात.

यंत्राच्या शरीराइतकेच त्याचे डोके महत्त्वाचे. कंट्रोलरच्या स्मृतीतील पॅरामीटर एका छोट्या बॅटरीवर तग धरून असतात. बंद पडलेल्या कारखान्यात यंत्र वर्ष-दोन वर्षे विजेविना उभे राहिले आणि बॅटरी संपली, की ते सारे पुसले जातात. मग अवघे यंत्र धडधाकट असूनही मुके होते. म्हणून पॅरामीटरची प्रत कार्डावर घेतलेली आहे का, विजेच्या जोडणीचे आराखडे आणि मूळ पुस्तिका आहेत का, हे आधी विचारावे. परदेशी यंत्राच्या बाबतीत आणखी एक खर्च हमखास विसरला जातो. जपानमधील यंत्रे २०० व्होल्टवर चालतात, आपला औद्योगिक पुरवठा ४१५ व्होल्टचा. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आलाच.

काही उंची जपानी यंत्रांत तर याहून वेगळा अडथळा दडलेला असतो. त्याचे मूळ शीतयुद्धात आहे. तोशिबा मशीन या जपानी कंपनीने १९८२ ते १९८४ या काळात नऊ अक्षांची अवाढव्य मिलिंग यंत्रे निर्बंध धाब्यावर बसवून सोव्हिएत संघाला पाठवली; त्यांचे कंट्रोलर नॉर्वेतील कॉंग्सबर्ग कंपनीचे होते. त्यावर पाणबुड्यांचे कमी आवाजाचे पंखे घडवता येतात, असा आक्षेप घेत १९८७ मध्ये अमेरिकेने गहजब केला. तेथील काही लोकप्रतिनिधींनी संसदेच्या प्रांगणात तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला. त्यानंतर जपानने निर्यातीचे नियम कडक केले. पुढे काही उत्पादकांनी यंत्रातच जागाबदल ओळखणारे उपकरण बसवण्यास सुरुवात केली. असे यंत्र जागेवरून हलवले की ते आपोआप कुलूपबंद होते आणि उत्पादकाच्या अभियंत्याने नव्या जागेची खातरजमा करून संकेतांक दिल्याशिवाय चालू होत नाही. विशेषतः पाच अक्षांचे यंत्र लिलावात स्वस्त मिळत असेल, तर बोली लावण्यापूर्वी उत्पादकाच्या कार्यालयात अनुक्रमांक देऊन चौकशी करावी. नंतर केलेल्या विनवण्यांचा उपयोग होईलच असे नाही.

आता कागदपत्रांविषयी. अनेक यंत्रे बँकेकडे नजरगहाण असतात. विक्रेता कंपनी असेल तर कंपनी निबंधकांकडील बोजाची नोंद पाहावी, अन्यथा बँकेचे ना हरकत पत्र घ्यावे. हे न करता घेतलेले यंत्र बँकेची माणसे एके दिवशी दारात येऊन मागू शकतात. बँकांच्या लिलावात ‘जसे आहे, जेथे आहे’ हे तत्त्व असते, म्हणजे दोषाची जबाबदारी पूर्णपणे घेणाऱ्याची. आयात करायची झाल्यास वापरलेल्या यंत्रांना परवाना लागत नाही. मात्र सीमाशुल्क विभाग मूल्य ठरवताना चार्टर्ड इंजिनियरचा अहवाल पाहतो आणि निर्यातदारांना शुल्कात सूट देणाऱ्या ईपीसीजी योजनेत जुन्या यंत्रांना जागा नाही.

जीएसटीचा हिशेब विक्रेत्यालाही चकवतो. समजा, २० लाखांचे यंत्र घेताना १८ टक्क्यांनी ३ लाख ६० हजारांचे क्रेडिट घेतले आणि तीन वर्षांनी ते ९ लाखांना विकले. दर तिमाहीला पाच टक्के या दराने क्रेडिट घटून ४० टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार उरते. विक्री किमतीवरील कर १ लाख ६२ हजार होतो. या दोहोंपैकी जी रक्कम अधिक, ती भरावी लागते. म्हणूनच ‘बिलाविना घ्या, स्वस्त पडेल’ असा प्रस्ताव पुढे येतो. त्यात घेणाऱ्याचे क्रेडिट जाते, घसारा जातो आणि उद्या यंत्र पुन्हा विकायचे झाले तर मालकीचा पुरावाही नसतो.

व्यवहार ठरला तरी काळजी संपत नाही. स्पिंडलचा वरचा भाग लाकडी ठोकळ्यावर टेकवून आणि टेबल पट्ट्यांनी जखडूनच यंत्र हायड्रा क्रेनने उचलावे. घाईत उचललेल्या यंत्राने चांगली चाचणी वाया घालवल्याची उदाहरणे आहेत. नव्या जागी पक्क्या काँक्रीटवर बसवून, समतल करून एक-दोन दिवसांनी डायलची तीच चाचणी पुन्हा घ्यावी. किमतीचा दहावा हिस्सा या दुसऱ्या चाचणीनंतर देण्याची अट लेखी करारात घालता आली तर पाहावी. मुरलेले दलाल तिला सहजासहजी राजी होत नाहीत. यंत्र स्वतः वापरलेला कारखानदार मात्र बहुधा फारशी खळखळ करत नाही.