डाखकाम : लहान सांधा, मोठी जबाबदारी

चालता रेडिओसंच अचानक मुका होतो आणि वरून थोपटला की पुन्हा बोलू लागतो, हा अनुभव अनेकांना आला असेल. पुष्कळदा अशा वेळी दोष सुट्या भागांचा नसून ते जोडणाऱ्या डाखाचा असतो. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे २०१६ पासून अनेक शाळांतील सहावी ते बारावीचे विद्यार्थी इलेक्ट्रॉनिक उपकरणे स्वतः जोडू लागले आहेत. त्यामुळे डाखकामाची शास्त्रशुद्ध पद्धत शिक्षकांनी व शाळा समितीच्या सदस्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

डाख हा मुख्यतः कथलाचा मिश्रधातू होय. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेला डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. डाखाच्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते. तापल्यावर ती धातूवरील गंजाचा थर दूर करते आणि डाख धातूला घट्ट धरतो. कल्हईसाठी वापरला जाणारा नवसागर मात्र येथे वर्ज्य समजावा. त्याच्या अवशेषाने तांब्याच्या नाजूक रेषा गंजतात.

साध्या कामाला २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न पुरते. त्याचे तापलेले टोक ओल्या स्पंजावर पुसून त्यावर डाखाचा पातळ लेप द्यावा. नंतर ते तार व तांब्याची चकती या दोहोंना एकाच वेळी टेकवावे. एक-दोन सेकंदांनी डाख टोकाला न लावता तापलेल्या सांध्याला लावावा. डाख टोकावर घेऊन सांध्यापर्यंत नेल्यास राळ वाटेतच जळून जाते. डाख पसरताच प्रथम डाखाची तार व मग आयर्न दूर करावे. डाख गोठेपर्यंत सांधा हलवू नये.

चांगल्या सांध्याच्या कडा उतरत्या असतात आणि डाख चकतीवर सर्वत्र पसरलेला असतो. गोळ्यासारखा वर बसलेला डाख कच्चा समजून सांधा पुन्हा तापवावा.

सुरक्षिततेची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. कामाच्या वेळी निघणारा धूर प्रामुख्याने राळेचा असतो. तो श्वासमार्गाला त्रासदायक, विशेषतः दमेकऱ्यांना घातक असल्याने खोली हवेशीर असावी. शिसे या तापमानाला वाफ होऊन उडत नाही. परंतु बोटांवाटे ते पोटात जाते आणि मुलांच्या बौद्धिक वाढीस बाधक ठरते. म्हणून शाळांनी शिसेविरहित डाख वापरणे इष्ट. कथील, चांदी व तांबे यांचा असा डाख सुमारे २१७ अंशांना वितळतो. त्याचा सांधा स्वभावतःच किंचित निस्तेज दिसतो. कामाच्या जागी खाणेपिणे टाळावे, डोळ्यांवर चष्मा असावा व कामानंतर हात साबणाने धुवावेत. वीजपुरवठा जोडलेल्या उपकरणावर डाखकाम कदापि करू नये. भाजल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा.

प्रयोगशाळेसाठी साहित्य मंजूर करताना आयर्नबरोबर त्याचा स्टँड, चष्मे व धूर बाहेर टाकणारा पंखा यांचीही तरतूद व्हावी. हा खर्च अल्प आहे. विद्यार्थ्यांचे आरोग्य मात्र अमोल आहे.