टोळीची कमाई लिहितात कशी?

भुसार बाजारातल्या हमालाला ‘तुमचा मालक कोण?’ असं विचारलं, तर तो कोणाचं नाव सांगणार? सकाळी एका गाळ्यावर ट्रक खाली केला, दुपारी दुसऱ्याच्या गोदामात थप्पी लावली, संध्याकाळी तिसऱ्याची गाडी भरून दिली. यातल्या कोणी त्याचा प्रॉव्हिडंट फंड भरायचा आणि दिवाळीचा बोनस कोणी द्यायचा? महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो या प्रश्नावर. त्याचा तोडगा असा: मालक कितीही असोत, मजुरीचा हिशेब एकाच जागी यावा. ती जागा म्हणजे माथाडी मंडळ. कामगार, व्यापारी आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी त्यावर असतात. मुंबईत लोखंड, कापड, किराणा, भाजीपाला अशा बाजारांची मंडळं वेगवेगळी आहेत.

हमाल एकटा काम करत नाही, टोळीत करतो. मंडळात नोंद व्यापाऱ्याचीही असते आणि टोळीचीही. मजुरी दिवसावर नसून नगावर किंवा वजनावर ठरते. उतराई, भराई, थप्पी, वाराई या प्रत्येक कामाचा दर वेगळा, आणि तो संघटना व व्यापारी यांच्या करारातून येतो. (वाराई कोणी द्यायची, हा वाद मात्र मिटता मिटत नाही. ट्रकवाल्यांची घोषणाच आहे, ‘जिसका माल उसका हमाल’.)

आता एक गाडी घेऊ. आकडे केवळ समजण्यापुरते. पन्नास किलोची २०० पोती उतरली आणि दर पोत्याला ६ रुपये, तर मजुरी झाली १,२०० रुपये. पण व्यापाऱ्याला तेवढ्यावर सुटता येत नाही. मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही भरावी लागते. ती ३० टक्के धरली तर ३६० रुपये, म्हणजे मंडळाकडे १,५६० रुपये जमा व्हायला हवेत. मजुरी कामगाराच्या बँक खात्यात जाते. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी हे सगळं लेव्हीतून निघतं.

टोळीतली वाटणी हा खरा नाजूक भाग. मुकादम रोज हजेरी मांडतो. समजा महिन्याची मजुरी १,८०,००० रुपये झाली आणि दहा जणांच्या मिळून २४० हजेऱ्या भरल्या. एका हजेरीला ७५० रुपये पडले. बावीस दिवस आलेल्याला १६,५०० मिळतील, पंचवीस दिवसवाल्याला १८,७५०. मुकादमानं मर्जीतल्या माणसाची एक खोटी हजेरी घुसवली, तर बाकीच्यांचा दर हजेरीमागे तीनेक रुपयांनी घसरतो. रक्कम लहान आहे, पण ती प्रत्येकाच्या खिशातून जाते. म्हणून हजेरीच्या वहीवर टोळीचं जेवढं लक्ष असतं, तेवढं कुठल्याही तपासनिसाचं असणार नाही. काही ठिकाणी महिन्याची बेरीज न करता गाडीगणिक वाटणी करतात. ती जास्त न्याय्य खरी, पण लिहिणाऱ्याचा जीव जातो.

हिशेब फाटतो तो बहुतेक वेळा रोख पैशात. ‘मंडळात कशाला, हे घ्या हातावर,’ असं म्हणून व्यापारी दर किंचित वाढवून देतो. घरी भाडं थकलेलं असतं, हमाल घेतो. त्या दिवशी दोघंही खूश. पण १,२०० ऐवजी १,३०० हातात आले आणि ३६० ची लेव्ही बुडाली, तर शंभरासाठी साडेतीनशे गेले. शिवाय ती कमाई कुठेच लिहिली गेली नाही. बोनस आणि ग्रॅच्युइटी नोंदलेल्या मजुरीवर ठरतात. पाठीनं किती वाहिलं ते तिथं कोणी विचारत नाही. कर्ज मागायला गेल्यावरही बँक पासबुकच पाहते.

उलट्या बाजूची तक्रारही खोटी नाही. माथाडी म्हणून नोंद नसलेले लोक गोदामाच्या दारात उभे राहून पैसे उकळतात, असं उद्योजक सांगतात. कायद्यात बदल करण्यासाठी २०२३ साली आणलेल्या विधेयकामागे हे कारण होतं, आणि संघटनांनी त्याला विरोध केला. नोंदणीकृत टोळी ओळखण्याची साधी खूण आहे: तिची मजुरी मंडळातून जाते, त्यामुळे ती पैसे हातात मागत नाही.

कमाई पडताळायची असेल तर तीन कागद शेजारी ठेवावेत: टोळीची हजेरी, व्यापाऱ्यानं मंडळाकडे भरलेल्या रकमेचा तपशील आणि स्वतःचं पासबुक. पहिल्या दोहोंत फरक निघाला तर व्यापाऱ्याला विचारायचं, दुसऱ्या-तिसऱ्यात निघाला तर मंडळाला. आणि महिना उलटण्याआधी विचारायचं, कारण जुन्या गाडीत किती पोती होती हे नंतर कोणालाच आठवत नाही.