शरीररक्षक पेशींचे दोन लगाम



कर्करोग म्हटला की शस्त्रक्रिया, किरण आणि पेशी मारणारी औषधे ही तीन साधने आपल्या डोळ्यांपुढे येतात. तिन्हींचा रोख सरळ रोगावर असतो. आज ज्या उपायाचा विचार करावयाचा आहे, तो मात्र रोगाला हात लावीत नाही; शरीरातील रक्षकांनाच मोकळे करतो. त्याची मोठी कसोटी लागली ती मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींपासून मेलानोमा उद्भवतो. गोऱ्या लोकांत, विशेषतः ऑस्ट्रेलियात, त्याचे प्रमाण मोठे. आपल्याकडे तो विरळा. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली दिसतो. वेळीच कापून काढला तर रोगी बहुधा बरा होतो. तो फुप्फुसात, यकृतात, मेंदूत पसरला म्हणजे मात्र, २०११ पूर्वी, निम्म्याहून अधिक रोगी वर्षाच्या आतच दगावत.

आपल्या रक्तातील टी-पेशी परक्या आणि बिघडलेल्या पेशींना ओळखून मारतात. त्यांनी आपल्याच शरीरावर उलटू नये म्हणून निसर्गाने त्यांना लगाम घातले आहेत. 'सीटीएलए-४' हा लगाम मुख्यत्वे लसिकाग्रंथींत, म्हणजे टी-पेशी लढाईस सज्ज होतात तेथे, ओढला जातो. 'पीडी-१' हा दुसरा प्रत्यक्ष रणांगणावर, गाठीच्या ठिकाणी. आणि कर्कपेशी इतक्या धूर्त की हा लगाम त्या स्वतःच ओढतात! पहिला लगाम सोडला तर उंदरांतील गाठी विरतात, हे अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये दाखविले. दुसरा रेणू जपानात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडला. दोघांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पहिला लगाम सोडणारे इपिलिमुमॅब हे औषध अमेरिकेत २०११ मध्ये, आणि दुसरा सोडणारे निव्होलुमॅब २०१४ मध्ये मान्य झाले. लगाम दोन, जागाही दोन. मग दोन्ही एकदम सोडले तर? यासाठी ९४५ रोग्यांचे तीन गट करून चाचणी झाली. दहा वर्षांचा हिशेब २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी शंभरात ४३ जण हयात होते. एकट्या निव्होलुमॅबच्या गटात ३७, एकट्या इपिलिमुमॅबच्या गटात १९.

परंतु मोकळा सुटलेला पहारेकरी कधी घरच्यांवरही काठी उगारतो. आतडी, यकृत, त्वचा, अंतःस्रावी ग्रंथी यांना सूज येते. एकट्या निव्होलुमॅबने सुमारे चतुर्थांश रोग्यांना गंभीर त्रास झाला. जोडीने निम्म्याहून अधिकांना. स्टेरॉइड देऊन बहुतेक त्रास आवरतो. ग्रंथी निकामी झाली तर मात्र तिचे औषध बहुधा जन्मभर घ्यावे लागते. आशेची गोष्ट अशी, की त्रासामुळे जोडी मध्येच थांबवावी लागली त्यांच्यातही अनेकांचा रोग पुढे आटोक्यात राहिला.

तेव्हा जोडी सर्वांनाच द्यावी काय? ४३ आणि ३७ यांतील अंतरावरून घाईने निर्णय करू नये. चाचणीची आखणी दोन्ही गटांची तुलना एकट्या इपिलिमुमॅबशी करण्यासाठी होती. रोग मेंदूत पोचला असेल, तर जोडीकडे कल असणे रास्त. रोगी वृद्ध, प्रकृतीने नाजूक असेल, तर एकच औषध शहाणपणाचे ठरू शकते. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेली निव्होलुमॅब-रेलाटलिमॅब ही जोडी 'लॅग-३' नावाचा तिसरा लगाम सोडते. तिच्या चाचणीत गंभीर त्रास शंभरात सुमारे १९ जणांना झाला.

म्हणून अशा रोग्याच्या आप्तांनी डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: दुसऱ्या औषधाने या रोग्याचा लाभ किती वाढेल, आणि त्रास किती? शिवाय उपचार चालू असता, आणि तो संपल्यावरही काही महिने, जुलाब, धाप किंवा कावीळ दिसली, तर घरगुती औषधात वेळ न दवडता त्याच दिवशी कळवावे. आणि आपण सर्वांनी तळपायावरचा वाढता, रंग बदलणारा काळा डाग वेळीच दाखवावा. तेथे अजून साधी शस्त्रक्रियाच पुरेशी असते.