विश्लेषण : होम थिएटरचा रिसीव्हर घेताना वॅटच्या आकड्यापलीकडे काय पाहावे?

टीव्ही मोठा आला, पण आवाज बारीकच राहिला, अशी तक्रार आता वाशीम, रिसोड, कारंजाच्या घराघरांत ऐकू येते. मग दुकानदार ‘रिसीव्हर’ सुचवतो. तो घ्यावा का, कोणता घ्यावा आणि आपल्याकडच्या विजेवर तो टिकेल का?

सोयाबीनची सोंगणी आटोपून हातात पैसे आले की इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत टीव्हीची चौकशी सुरू होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ४३ किंवा ५५ इंची पडद्याचा विचार अनेकांना परवडू लागला. अडचण पुढे येते. टीव्ही जितका पातळ, तितकी त्याच्या स्पीकरला जागा कमी. बहुतेक पातळ टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. त्यामुळे आवाज आधी भिंतीकडे जातो आणि मग आपल्याकडे येतो. गाणे कसेबसे ऐकू येते, संवाद मात्र कळत नाहीत.

त्यावरचा उपाय म्हणून सुचवला जाणारा एव्ही रिसीव्हर स्वस्त नाही. नावाजलेल्या कंपनीचा पहिल्या पायरीचा ५.१ रिसीव्हर साधारण ३० ते ४५ हजारांच्या घरात जातो. ४० हजार धरले, तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ते साडेसात क्विंटल सोयाबीन झाले. बाजार समितीत भाव त्याखाली मिळाला तर त्याहून जास्त. हा खर्च नुसत्या डब्याचा आहे, स्पीकर वेगळे. म्हणून घाई नको.

रिसीव्हर नेमके करतो काय?

एकाच डब्यात तीन कामे होतात. सेट-टॉप बॉक्स, मोबाइल, गेमचा बॉक्स यांच्या जोडण्या एकत्र घेऊन चित्र टीव्हीकडे पाठवणे हे पहिले. डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये गुंडाळलेला आवाज उलगडून कोणता भाग कोणत्या स्पीकरला द्यायचा हे ठरवणे हे दुसरे. तिसरे म्हणजे त्या प्रत्येक स्पीकरला ताकद पुरवणे. ५.१ मधले पाच म्हणजे समोरचे डावा, उजवा आणि मधला, शिवाय मागचे दोन. पॉइंट एक म्हणजे धमक देणारा सबवूफर.

यातला मधला, म्हणजे सेंटर स्पीकर, सर्वांत कामाचा. सिनेमातले संवाद बहुतांश त्याच्यातूनच येतात. पैसे कमी असतील तर मागचे स्पीकर नंतर घ्या, पण सेंटरमध्ये काटकसर करू नका.

सगळ्यांनी घ्यावाच का?

नाही. घरात मुख्यतः बातम्या, मालिका आणि फ्री डिशवरचे चॅनेल पाहिले जात असतील, तर तो आवाज मुळातच दोन चॅनेलचा असतो. रिसीव्हर तो पाच स्पीकरांत वाटून देतो, पण जे मुळात नाही ते निर्माण करू शकत नाही. अशा घराला चांगला साउंडबार पुरे. तो टीव्हीला एका केबलने जोडला जातो आणि भिंतीवरून तारा न्याव्या लागत नाहीत. रिसीव्हर त्यांच्यासाठी, जे ओटीटीवर किंवा डिस्कवर नियमित सिनेमे पाहतात, ज्यांच्याकडे त्यासाठी एक खोली आहे आणि जे पुढे एकेक स्पीकर बदलत जाणार आहेत. साउंडबार बिघडला की सगळेच बदलावे लागते. रिसीव्हर बिघडला तरी स्पीकर राहतात आणि चांगला स्पीकर वीस वर्षेही चालतो.

वॅटचा खेळ

फसगत सर्वांत जास्त इथेच होते. जुन्या होम थिएटरच्या खोक्यांवर ‘५००० वॅट पीएमपीओ’ असे ठळक लिहिलेले असे. तो आकडा एका क्षणापुरत्या काल्पनिक कमालीचा. प्रत्यक्ष कामाशी त्याचा संबंध नव्हता. आता पीएमपीओ हा शब्द कमी दिसतो, पण चलाखी संपलेली नाही.

रिसीव्हरच्या माहितीपत्रकात एकाच यंत्राचे दोन आकडे सापडतात. पहिला खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते : ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, १ चॅनेल चालू. म्हणजे पाचपैकी चार स्पीकर बंद ठेवून, एकाच सुरावर, आवाज चांगलाच फाटेपर्यंत रेटून मोजलेली ताकद. दुसरा आकडा आतल्या पानावर असतो : ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के किंवा त्याच्या आसपास डिस्टॉर्शन, २ चॅनेल चालू. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला तर आश्चर्य नको. तुलना करायची ती फक्त या दुसऱ्या आकड्यांची. दुकानदार तो सांगू शकला नाही, तर मोबाइलवर कंपनीचे मॅन्युअल उघडा, शेवटच्या पानांत असतो.

आणि मुळात हवेत तरी किती वॅट? ५० ऐवजी १०० वॅटचा रिसीव्हर घेतला तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. १० बाय १२ च्या खोलीत रोजच्या आवाजाला एका स्पीकरला एक-दोन वॅट पुरतात. उरलेली ताकद स्फोट, ढोल-ताशा अशा अचानक उसळणाऱ्या आवाजासाठी राखीव असते. म्हणून वॅटपेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहा. ८६ ऐवजी ८९ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर निम्म्याच ताकदीत तेवढाच आवाज मिळतो. रिसीव्हर बदलण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

दुकानात आणखी एक साधी गोष्ट करा. डबा उचलून पाहा. पारंपरिक बनावटीच्या ५.१ रिसीव्हरमध्ये जड ट्रान्सफॉर्मर असतो आणि एकूण वजन सात-आठ किलोंच्या पुढे जाते. दोन किलोंचा डबा शेकडो वॅटच्या गप्पा मारत असेल, तर त्याला आणखी दोन प्रश्न विचारा.

विदर्भात असेंबल अँप्लिफायरचा रिवाज जुना आहे. ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरची जोडी टाकून गल्लीतला कारागीर जो अँप्लिफायर बांधून देतो, तो गाण्यांसाठी दणकट असतो आणि बिघडला तर त्याच गल्लीत दुरुस्त होतो. या कारागिरांना कमी लेखायचे कारण नाही. पण डॉल्बी उलगडणारी चिप, एचडीएमआयचे सर्किट आणि त्याचे परवाने ही त्यांच्या टेबलावर होणारी कामे नाहीत. केवळ मोठ्याने गाणी ऐकायची असतील तर असेंबल घ्या. सिनेमासाठी मात्र नाही.

आपली लाइन आणि रिसीव्हर

पुण्या-मुंबईच्या माहितीत हा भाग नसतो. नियमाने घरात २३० व्होल्ट, त्यात सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट यायला हवेत. गावाकडे रब्बीत हरभरा-गव्हाला पाणी सुरू झाले की दिवे कसे मिणमिणतात, हे सांगायला मीटर लागत नाही. कमी व्होल्टेजला रिसीव्हर सहसा जळत नाही. मोठ्या आवाजाला दम लागतो आणि तो मध्येच बंद पडून संरक्षणाचा दिवा लुकलुकवतो.

खरा धोका उलटा आहे. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढू शकते. टीव्ही, फ्रिज, रिसीव्हर सगळे एका झटक्यात जाते. म्हणून नुसता व्होल्टेज वाढवणारा नव्हे, तर ठरावीक मर्यादेपुढे लाइन तोडणारा हाय-कट स्टॅबिलायझर घ्या. टीव्ही, रिसीव्हर आणि सबवूफर मिळून एक केव्हीएचा पुरतो. दोन-तीन हजारांची वस्तू चाळीस हजारांची राखण करते.

इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर तो प्युअर साइन वेव्हचा हवा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, गरम होतो आणि स्पीकरमधून ‘हूं’ असा आवाज येतो. लाइनवरही हा आवाज येत असेल तर आधी डिशची किंवा केबलची वायर काढून पाहा. पुष्कळदा गुन्हेगार तीच निघते. हूं घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर अजिबात ऐकू नका. आवाज जाईल, पण शॉकपासूनचे संरक्षणही जाईल.

विजांचा काळ वेगळाच. मृगाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात रिसीव्हर बंद करणे पुरत नाही, प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढावे लागतात. छतावरच्या डिशमधून आलेला झटका एचडीएमआयच्या वाटेने थेट रिसीव्हरच्या बोर्डात उतरतो आणि हा बोर्ड सर्वांत महाग असतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप वीज पडण्याची शक्यता आधी कळवते. ते शेतात जाणाऱ्यांसाठी आहे, पण घरातल्यांनाही उपयोगी.

उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा बंद शोकेसमध्ये कोंबलेला रिसीव्हर स्वतःच्याच उष्णतेने शिजतो. वर किमान चार-सहा इंच मोकळी जागा आणि मागून हवा हवीच. त्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका, क्रोशाचे कापडही नको. मळणीच्या दिवसांत धूळ घरभर होते. तेव्हा बंद यंत्रावर सुती कापड टाका, सुरू करताना काढा. उबेला पाली आणि मुंग्याही येतात, ही गंमत नाही. त्यांच्यामुळे बोर्ड शॉर्ट झालेले असतात.

एचडीएमआय : किती हवे?

आजचे बहुतेक सिनेमे टीव्हीतल्याच ॲपवर पाहिले जातात. तेव्हा आवाज टीव्हीकडून रिसीव्हरकडे उलटा यावा लागतो. त्यासाठी टीव्हीच्या मागे ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेले एचडीएमआय पोर्ट हवे. ते नसेल तर रिसीव्हर घेण्याआधी थांबा. साध्या एआरसीतून ओटीटीवरचा डॉल्बी डिजिटल प्लस जातो आणि त्यातच ॲटमॉसही असू शकते. ईएआरसीची खरी गरज टीव्हीला जोडलेल्या ब्लू-रे प्लेअरमधला अस्सल, न दाबलेला आवाज रिसीव्हरपर्यंत आणायला लागते. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांनी त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

‘८के’ लिहिलेल्या डब्याचेही तसेच. सिनेमाला ४के पुरते. ४के १२० हर्ट्झची गरज नव्या गेमिंग कन्सोलला आहे. तिथेही सेकंडहँड घेताना सावध राहा. २०२० च्या सुमारास बाजारात आलेल्या डेनॉन, यामाहासारख्या कंपन्यांच्या काही मॉडेलांतल्या एचडीएमआय चिपमध्ये दोष निघाला होता. एक्सबॉक्सचे ४के १२० चित्र त्यातून जातच नव्हते. कंपन्यांना नंतर उपाय द्यावे लागले.

खोली, छत आणि एक छोटा माइक

५.१, ७.१ की ॲटमॉस? १० बाय १२ च्या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, तर ७.१ चे मागचे दोन स्पीकर ठेवायला जागाच नसते. ५.१ उत्तम. ॲटमॉसला डोक्यावरून आवाज हवा. छताला स्पीकर लावता येत नसेल तर वरच्या दिशेने आवाज फेकणारे स्पीकर मिळतात, पण त्यांना सपाट स्लॅब लागतो. टिनाच्या उतरत्या छताखाली त्यांचा काही उपयोग नाही आणि पावसात तर टिनच सगळ्या स्पीकरांना हरवते.

आपल्याकडच्या सिमेंटच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी आवाज परत फेकतात, म्हणून संवाद घुमतात. जाड पडदे आणि जमिनीवर सतरंजी एवढ्यानेच फरक कळतो. उरलेले काम रिसीव्हरसोबत येणारा छोटा माइक करतो. तो बसायच्या जागी ठेवला की यंत्र प्रत्येक स्पीकरमधून चाचणीचा आवाज काढून अंतर आणि पातळी जुळवते. डेनॉनमध्ये याला ऑडिसी म्हणतात, यामाहात वायपाओ. खोक्यात माइक नसेल तर तो रिसीव्हर घेऊ नका, इतकी ही सोय महत्त्वाची आहे. मोजणी करताना मात्र पंखा आणि कूलर बंद ठेवा.

स्पीकरच्या तारांवर हजारो रुपये उडवायची गरज नाही. इलेक्ट्रिशियनकडची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर दहा मीटरपर्यंत निर्धास्त वापरा.

घ्यायचा कुठून?

ऐकून घेता आला तर उत्तम. कारंजा, शेलूबाजार किंवा मालेगावहून समृद्धी महामार्गाने नागपूरला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. सोबत आपल्या माहितीचा एखादा मराठी सिनेमा घेऊन जा आणि आवाज कमी ठेवून संवाद कळतात का ते पाहा. मोठ्या आवाजात सगळेच रिसीव्हर चांगले वाटतात.

ऑनलाइन फार स्वस्त दिसला तर खोके तपासा. आयात मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली असणे कायद्याने बंधनकारक आहे. ती पट्टी नसेल तर तो चोरवाटेचा माल समजा, त्याला भारतात वॉरंटी मिळणार नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकाने प्रेमाने आणलेला रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो. आपल्या सॉकेटला लावला की संपला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण दुरुस्तीचा प्रश्न उरतोच.

जवळचे सर्व्हिस सेंटर कोणत्या गावात, तिथवर नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. बिलावर सिरियल नंबर हवाच. खोके आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, त्याशिवाय कुरिअर सुरक्षित जात नाही. वाद झालाच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दुकान मुंबईचे असले तरी तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा.