बॉस, तत्त्वं आणि बिस्किटाचे कण!

लीडरशिप म्हटलं की काय आठवतं? एसी हॉल, पीपीटी आणि शेवटच्या रांगेत डुलक्या काढणारी मंडळी! पण नेतृत्व आणि नीतिमत्ता या दोन जडजंबाळ शब्दांच्या मागे मुखवटे आहेत, तुरुंग आहे, विजेचे शॉक आहेत आणि कोट्यवधींचे घोटाळेही आहेत. अट एकच, वाचताना डुलकी घ्यायची नाही. चला तर!

थोर माणूस १, समाज १

१८४० मध्ये लंडनमध्ये थॉमस कार्लाइल यांनी व्याख्यानं ठोकली आणि सांगून टाकलं, की जगाचा इतिहास म्हणजे थोर पुरुषांची चरित्रं. झाली 'ग्रेट मॅन थिअरी' सुरू! हर्बर्ट स्पेन्सर मात्र अडून बसले. आधी समाज त्या थोर माणसाला घडवतो, मग तो समाजाला घडवतो, असं त्यांचं म्हणणं. १९४८ मध्ये राल्फ स्टॉगडिल यांनी तब्बल १२४ अभ्यास चाळले. निकाल? सगळीकडे हमखास चालेल असा एकही गुण नाही. मॅच ड्रॉ!

उंच माझा पगार

माहीत आहे का? २००४ मध्ये टिमथी जज आणि डॅनियल केबल यांनी हिशेब मांडला : उंचीतल्या प्रत्येक जादा इंचामागे वर्षाला साधारण ७८९ डॉलर जास्त पगार. थांबा, टाचेच्या बुटांच्या दुकानाकडे पळू नका! उंचीचा आणि पगाराचा संबंध दिसला एवढंच. उंचीमुळेच माणूस कामाला चांगला ठरतो, असं त्यावरून सिद्ध होत नाही.

बालगोपाळांचा एक्झिट पोल

स्वित्झर्लंडमधल्या ५ ते १३ वर्षांच्या मुलांना दोन-दोन फोटो दाखवले आणि विचारलं, 'तुमच्या जहाजाचा कॅप्टन कोण?' मुलांनी पटापट बोटं ठेवली. ते फोटो होते फ्रान्सच्या संसदीय निवडणुकीतल्या उमेदवारांचे! आणि मुलांच्या पसंतीवरून खरा विजेता ओळखता येण्याची शक्यता निघाली ७१ टक्के. २००९ मध्ये हा अभ्यास 'सायन्स'मध्ये छापून आला. मतदार मोठे, निवड मात्र चेहरा बघून!

मुखवट्यामागचा बॉस

१९३०च्या दशकाची अखेर, अमेरिकेतलं आयोवा. दहा वर्षांच्या मुलांचे क्लब, काम मुखवटे बनवण्याचं. कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी काही क्लबांना हुकूमशहा लीडर दिला, काहींना लोकशाहीवाला. हुकूमशहा खोलीबाहेर गेला, की मुलांचे हात थंडावायचे. लोकशाहीवाला गेला तरी काम चालूच!

आणि गंमत पाहा. लोकशाहीवाल्यांपैकी एक लीडर इतका ढिला निघाला, की संशोधकांनी त्याच्या पद्धतीचा वेगळा तिसरा प्रकार केला. 'चालतंय की' छाप बॉसगिरी अशी अपघातानंच शास्त्रात शिरली.

नावडता सहकारी सांगा

फ्रेड फिडलर यांची चाचणी भलतीच खोडकर. ज्याच्यासोबत काम करणं सर्वात नकोसं वाटलं, त्या सहकाऱ्याला गुण द्या, असं ते सांगायचे. तुम्ही खुशीत त्याची पिसं काढणार, आणि निष्कर्ष निघणार तुमच्याबद्दल! भरभरून गुण दिलेत तर तुम्ही नाती जपणारे. सपाटून कापलेत तर कामाशी काम ठेवणारे.

कंट्री क्लबचे मेंबर

रॉबर्ट ब्लेक आणि जेन मूटन यांनी १९६४ मध्ये बॉसलोकांसाठी ९ बाय ९ ची जाळीच आखली. एका बाजूला कामाची काळजी, दुसऱ्या बाजूला माणसांची. माणसांची भरपूर आणि कामाची नावापुरती, अशा बॉसचं नाव ठेवलं 'कंट्री क्लब'. वाढदिवसाचा केक वेळेवर, प्रोजेक्ट मात्र लेट!

तुरुंगातली थिअरी

डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० मध्ये बॉसच्या डोक्यातल्या दोन समजुती मांडल्या. थिअरी एक्स : माणूस मुळात कामचुकार, दंडुका हवाच. थिअरी वाय : विश्वास टाका, माणूस जबाबदारी घेतो.

पण माहीत आहे का? त्याआधी २१ वर्षं आपल्या औंध संस्थानानं थिअरी वाय थेट कैद्यांवर आजमावली होती! १९३९ मध्ये आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' वसलं. तटबंदी नाही, गजाआडची कोठडी नाही. कैद्यांनी बायकामुलांसह राहायचं आणि शेती करायची. कल्पना पोलिश इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांची, गादीवर सूर्यनमस्कारवाले राजे पंतप्रतिनिधी. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मागची प्रेरणा हीच. मॅकग्रेगरसाहेब, तुम्हाला जरा उशीरच झाला!

हमाल की चेअरमन?

एटी अँड टीमध्ये हयात घालवलेले रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये 'सर्व्हंट लीडरशिप' जगापुढे ठेवली. त्यांना ही कल्पना सुचली हेर्मान हेसे यांच्या कादंबरीवरून. तिथे लिओ नावाचा नोकर प्रवाशांचं सामान वाहतो. तो गायब होतो आणि सगळा तांडा विस्कटतो. पुढे कळतं, की तो नोकरच त्या संघाचा प्रमुख! ऑफिसातल्या शिपाईमामांशी नीट बोला, काय सांगावं!

प्रमोशनची लॉटरी

'पीटर प्रिन्सिपल' म्हणतं, की माणूस झेपेनासं होईपर्यंत बढत्या घेत राहतो. इटलीतल्या तीन संशोधकांनी कॉम्प्युटरवर गणित मांडून दाखवलं, की अशा संस्थेत चिठ्ठ्या टाकून बढत्या दिल्या तरी काम सुधारू शकतं. त्यांना २०१०चं मॅनेजमेंटचं इग नोबेल मिळालं. अप्रेझल फॉर्म भरणाऱ्यांनी हा परिच्छेद एचआरला फॉरवर्ड करू नये.

आता वळू या नीतिमत्तेकडे. घाबरू नका, प्रवचन नाही!

चोरीचे ४० प्रकार

कॉर्पोरेट फ्रॉड ही कलियुगाची देणगी वाटते? कौटिल्यांच्या अर्थशास्त्रात अधिकाऱ्यांनी सरकारी पैशावर डल्ला मारण्याचे ४० प्रकार मोजून दिले आहेत. एक्सेल शीट नसताना!

६४ पानी सोज्वळपणा

एन्रॉन आठवते ना? हो, तीच, गुहागरजवळच्या दाभोळ वीज प्रकल्पवाली! जुलै २०००मध्ये तिची ६४ पानी आचारसंहिता निघाली; आदर, सचोटी, सगळं छापील. डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. त्या पुस्तिकेची एक प्रत आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तत्त्वं जपली नाहीत, पुस्तिका मात्र जपली!

मोर नाचला, पिसं गळली

सत्यम कॉम्प्युटर्सला २००८ मध्ये उत्तम कॉर्पोरेट गव्हर्नन्ससाठी 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार मिळाला. जानेवारी २००९ मध्ये चेअरमननी पत्र लिहून हिशेब फुगवल्याची कबुली दिली. वाघावर बसलो होतो, उतरायचं कसं तेच कळेना, असा त्या पत्राचा सूर. पुरस्कार अर्थातच परत घेतला गेला.

प्रामाणिकपणाचा बनावट डेटा

फॉर्मच्या तळाऐवजी वरच सही घेतली, तर लोक खरं लिहितात, असं २०१२ चा एक गाजलेला शोधनिबंध सांगत होता. पुढे त्यातल्या विम्याच्या प्रयोगाचा डेटाच बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२१ मध्ये निबंध मागे घेतला गेला. विषय काय होता म्हणालात? प्रामाणिकपणा!

बिस्किटाचे कण

बर्कलेचे मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर एक मजेदार प्रयोग सांगतात. तिघांचा गट, त्यातल्या एकाला कसलीही पात्रता न बघता लीडर केलं. थोड्या वेळानं कुकीजची बशी आली. जादाची कुकी उचलण्यात लीडरसाहेब आघाडीवर! वर तोंड उघडं ठेवून मचमच, आणि शर्टावर कण. खुर्ची मिळून अर्धा दिवसही झाला नव्हता हो!

घाई झाली, माणुसकी गेली

१९७३ मध्ये प्रिन्स्टनच्या ४० धर्मशास्त्र विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा प्रयोग छापून आला. विद्यार्थ्यांना भाषणासाठी शेजारच्या इमारतीत पाठवलं. वाटेत दारापाशी एक माणूस मान टाकून बसलेला, खोकतोय, कण्हतोय. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, 'उशीर झालाय' असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. काहींच्या भाषणाचा विषय होता, वाटेतल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या भल्या समॅरिटनची बायबलमधली गोष्ट! डेडलाइनवाल्या बॉसनी नोंद घ्यावी.

भिंतीवरची तत्त्वं, बाजारातली गोळी

१९८२, शिकागो परिसर. टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, सात जणांचा जीव गेला. ते औषध बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सननं देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च १० कोटी डॉलरच्या घरात. १९४३ पासूनच्या त्यांच्या जाहीरनाम्यात रुग्ण पहिले आणि शेअरहोल्डर शेवटी. संकट येण्याच्या काही वर्षं आधी कंपनीचे बॉस जेम्स बर्क यांनी मॅनेजरांना बसवून खडसावलं होतं : हे पटत नसेल, तर भिंतीवरून काढून टाका!

नागपूरचा पायंडा

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई. १९१२ मध्ये टाटांच्या साकचीच्या, म्हणजे आजच्या जमशेदपूरच्या, पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस. बिझनेस एथिक्सचे कोर्स निघण्याच्या कितीतरी आधी!

खलाशांची शिट्टी

१७७७ मध्ये 'वॉरन' या अमेरिकी युद्धनौकेवरच्या दहा जणांनी थेट नौदलप्रमुखाविरुद्ध तक्रारीची शिट्टी फुंकली. त्यांतल्या दोघांना तुरुंगात टाकलं. अमेरिकी काँग्रेसनं काय करावं? १७७८ मध्ये गैरप्रकार कळवणं हे कर्तव्यच आहे असा ठराव केला, आणि त्या दोघांचा कोर्टखर्चही उचलला!

आणि शेवटचा शॉक

१९६१ मध्ये येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्राम यांचे प्रयोग सुरू झाले. मोबदला ४ डॉलर, वर गाडीभाडं ५० सेंट. कोट घातलेला माणूस शांतपणे सांगतोय, 'चालू ठेवा', आणि आपण पलीकडच्या खोलीतल्या माणसाला वाढत्या दाबाचे शॉक द्यायचे. शॉक खोटे, विव्हळणारा नट, पण खटके दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले.

हा आकडा सगळे सांगतात. दुसरा कमी जण सांगतात : याच मालिकेतल्या आणखी एका प्रयोगात शेजारी बसलेल्या दोघांनी (तेही नटच!) उठून 'आम्ही नाही करणार' म्हटलं, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले.

थिअऱ्या ढीगभर आहेत, आणखीही येतील. पण संस्था सरळ राहते ती साहेबाच्या उंचीवर नाही, ६४ पानांवर तर नाहीच नाही; ती राहते वेळेवर आलेल्या एका 'नाही'वर. तेव्हा पुढच्या मीटिंगमध्ये काही खटकलं, तर इकडेतिकडे बघत बसू नका. पहिला हात तुम्ही वर करा, बाकीचे येतील!